भिंतीकडचं बोट

१

सकाळी आईंचं अंग पुसून, चादर बदलून, त्यांना उजव्या कुशीवर निजवलं की मी शेजारच्या खोलीत कामाला बसते. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला. सगळ्या गावाची बोलणी त्यांनी जोडून दिली आणि उरलेल्या वेळात स्वतः बोलल्या. गेल्या वर्षी झटका आला, त्यात उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डावा हात तेवढा शाबूत राहिला. ऐकू सगळं येतं, कळतंही सगळं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा त्यांच्या बोलण्याला कंटाळून कानात बोळे घालायची वेळ यायची. आता तो आवाज ऐकायला मी काहीही द्यायला तयार आहे.

माझं काम स्पर्शानं चालणाऱ्या पडद्यांचं. दवाखान्यात किंवा स्टेशनात काचेला बोट लावल्यावर टोकन देणाऱ्या ज्या पेट्या असतात, त्यांच्या आत लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली असते आणि ती बिघडली की लोक मला फोन करतात. म्हणून आईंसाठी मी घरीच एक पडदा केला. त्यावर चार मोठी बटणं: ये, पाणी, कूस, दुखतंय. बटण दाबलं की ते निळं होतं, माझ्या खोलीत बेल वाजते आणि कुठलं दाबलं ते माझ्या लॅपटॉपवर दिसतं.

खाट रुंद आहे, घर घेतलं तेव्हा आधीच्या लोकांची तशीच आलेली, भिंतीला लावलेली. खिडकीचा उजेड सोसत नाही म्हणून आईंचं तोंड भिंतीकडे असतं. त्यांच्या आणि भिंतीच्या मधे, गादीवरच, एका बुटक्या लाकडी स्टँडवर पडदा उघड्या पुस्तकासारखा जवळजवळ आडवा ठेवलेला. निजलेल्या माणसाला अक्षरं सरळ दिसावीत म्हणून मी चित्र फिरवून घेतलं होतं.

पहिल्याच दिवशी आईंनी पाणी मागितलं आणि मी वेदनाशामक गोळी घेऊन हजर झाले. त्यांनी मान हलवून नको म्हटलं, पुन्हा बटण दाबलं, मी पुन्हा तीच गोळी पुढे केली. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ओळखीची होती.

चूक माझीच होती, आणि आमच्या धंद्यातली सगळ्यांत जुनी. लिनक्समध्ये चित्र दाखवणारा भाग वेगळा आणि स्पर्श ओळखणारा भाग वेगळा. दोघं एका छपराखाली राहतात, पण भांडलेल्या जावांसारखे एकमेकांना काही सांगत नाहीत. मी चित्र फिरवलं आणि स्पर्श फिरवायला विसरले, त्यामुळे आईंचं बोट एका बटणावर आणि यंत्राच्या लेखी ते दुसऱ्याच बटणावर. दुसऱ्यांच्या पेट्यांमधली हीच चूक मी हसत हसत सुधारते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

हे सगळं घाईनं करायला कारण होतं. नवरा लांब पल्ल्याची बस चालवतो, चार चार दिवस घरी नसतो. थोरली नणंद, म्हणजे ताई, पुढच्या रविवारी येणार होत्या. त्यांनी एका शुश्रूषा केंद्रात आईंसाठी जागा बोलून ठेवली होती. फोनवर त्या म्हणाल्या होत्या, "अगं, तू कामाला बसलेली, ती मुकी. तिला काही झालं तर कळणार कसं तुला? बेल नीट चालत असेल तर ठेव. नाहीतर मी घेऊन जाते." त्यांचं चुकत होतं असं नाही. पण केंद्राचं नाव निघालं की आई डोळे घट्ट मिटून घ्यायच्या आणि तासभर उघडायच्या नाहीत.

२

स्पर्श फिरवला, यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्यावरही तो फिरलेला राहील अशी सोय केली, आणि आईंना म्हटलं, "दाबा आता."

त्यांनी पाणी दाबलं. मी पाणी आणलं. त्यांनी कूस दाबलं, मी त्यांना थोडा वेळ वळवून परत भिंतीकडे निजवलं. मग त्यांनी ये दाबलं. मी तर खाटेशीच उभी होते.

"आलेलीच आहे की मी," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा ये दाबलं आणि माझं मनगट धरून ठेवलं. नुसतं बोलावून पाहत होत्या. कितीतरी दिवसांनी त्यांनी बोलावलं होतं आणि कुणीतरी आलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडले. मग डोळे पुसून भाजी चिरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. ये. मी गेले तर आई गाढ झोपलेल्या, डावा हात उशीखाली. पांघरूण पायांवरून घसरलं होतं ते सारखं केलं आणि परत आले. झोपेत बोट लागलं असेल असं धरून चालले.

पुन्हा बेल. पुन्हा ये. आई तशाच, हात तसाच उशीखाली. या वेळी खिडकीचं दार वाऱ्यानं उघडून उन्हाची तिरीप थेट त्यांच्या मानेवर आली होती. मी दार लावलं. परत खोलीत येऊन बसले, पण कामात लक्ष लागेना. रविवारी ताईंसमोर ही बेल अशी उगाच वाजली तर सगळंच मुसळ केरात जाणार होतं.

३

कुणी हात लावलेला नसताना काचेला स्पर्श झाल्यासारखं वाटणं, याला आमच्यात भूत-स्पर्श म्हणतात. नाव ऐकून घाबरण्यासारखं त्यात काही नाही. चार्जर स्वस्तातला असेल, काच दमट असेल, आतली तारांची पट्टी सैल असेल, नाहीतर पडद्याखालच्या लोखंडातून वीज झिरपत असेल. मी चार्जर बदलला. काच कोरड्या कापडानं पुसली. पट्टी काढून परत बसवली. स्टँड तर लाकडाचाच होता. बेल वाजतच राहिली. सारखी नाही, दिवसातून मोजकीच. पण दर वेळी ये, आणि दर वेळी आईंचा हात दुसरीकडे.

नवऱ्याला फोन केला. तो कुठल्यातरी डेपोत जेवत होता.

"बाबा असतील," तो तोंडात घास घेऊनच म्हणाला. माझे सासरे जाऊन बरीच वर्षं झाली.

"तुझ्या बाबांनी पाणी पिऊन पेला कधी जागेवर ठेवला नाही. ते काय कुणासाठी बेल वाजवतायत."

तो हसला. "मग तू दमलीयेस. जरा पड."

पडायला वेळ नव्हता. मी लॅपटॉप घेऊन आईंच्या खोलीतच स्टुलावर बसले. तपासणीची खिडकी उघडली. काचेला बोट लागलं की त्या खिडकीत ठिपका उमटतो. चांगली काच असली तर बोट कुठे टेकलं एवढंच नाही, किती टेकलं आणि कुठल्या बाजूनं आलं तेही कळतं, म्हणून गोल ठिपक्याऐवजी लांबट गोल उमटतो. आईंचं बोट बारीक, त्यांचा ठिपका तांदळाच्या दाण्याएवढा, आणि त्याचं टोक नेहमी भिंतीकडे.

खोलीत पंख्याचा आवाज आणि आईंचा श्वास. बाहेर कुणीतरी रस्त्यावर सामान उतरवत होतं. काचेवरचं ये निळं झालं.

मी काचेकडेच पाहत होते. तिच्यावर काही नव्हतं. लॅपटॉपवर ठिपका उमटला होता, रुंद, अंगठ्याचा असावा तसा. त्याचं टोक आईंकडे होतं. म्हणजे ते बोट भिंतीकडून आलं होतं.

मी स्वतःला बजावलं की यंत्र दिशा चुकवू शकतं. परवापरवापर्यंत तर ते बटणंसुद्धा चुकवत होतं. यावर एक साधी परीक्षा आहे. काचेत दोष असेल तर तो काचेवर एकाच जागी राहतो, चित्र कसंही फिरवा. मी आईंकडे पाहिलं, त्या झोपलेल्या होत्या, आणि चित्र उलटं केलं. स्पर्शही त्याबरोबर फिरवला, ही चूक पुन्हा करायची नव्हती. ये आता बरोबर समोरच्या कोपऱ्यात गेलं. जुन्या जागी दुखतंय आलं. मी सगळी बटणं तात्पुरती मुकी केली आणि थांबले.

बऱ्याच वेळानं ठिपका उमटला. जुन्या जागी. मला हायसं वाटलं, इतकं की मी मोठ्यानं "बघा," म्हणाले. काचच खराब होती. नवी मागवली की झालं.

ठिपका तिथून उठला नाही. तो काचेवर थोडा सरकला. थांबला. मग कडेकडेनं, एकेका बटणावर थबकत, हळूहळू पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि ये वर येऊन टेकला.

काचेतला दोष वाचत नाही. मी हे वाक्य मनात दोनतीनदा म्हटलं आणि दर वेळी मला ते कमी आवडलं. मग उठून भिंत आणि पडद्याच्या मधे हात घातला. वीतभर जागा. भिंत गार होती आणि हाताला काही लागलं नाही.

४

मी घाबरट नाही, पण हट्टी आहे, असं आईच सांगायच्या सगळ्यांना. रविवार दोन दिवसांवर आला होता. मी चित्र परत सरळ केलं, बटणं चालू केली आणि एक नियम लिहिला: भिंतीकडून येणारा कुठलाही स्पर्श यंत्रानं मोजायचाच नाही. तपासणीच्या खिडकीत तो करड्या ठिपक्यानं दिसेल, पण बटण दाबलं जाणार नाही आणि बेल वाजणार नाही. नियम लागू केला आणि बेल गप्प झाली. आईंनी दाबलं तरच वाजायची. मी स्वतःवरच खूश झाले.

त्या संध्याकाळी आईंनी मला ये करून बोलावलं आणि नुसत्या पाहत राहिल्या. मग डाव्या हाताचं बोट भिंतीकडे दाखवलं.

"काय हवंय? उशी?"

त्यांनी मान हलवली आणि हात खाली ठेवला.

रविवारी ताई आल्या. मी त्यांना पडदा दाखवला. आईंनी पाणी दाबलं, मी आणलं. मग आईंनी आपणहून ये दाबलं आणि ताईंकडे पाहिलं, तशा ताई खाटेवर बसल्या आणि त्यांनी आईंचा हात गालाला लावला. बाहेरच्या खोलीत आल्यावर म्हणाल्या, "छान केलंयस गं. पण यंत्र ते यंत्र. ती जागा मी उद्यापर्यंतच धरून ठेवलीय."

मी चहा ओतला. लॅपटॉप टेबलावर उघडाच होता. ताई केंद्राबद्दल सांगत होत्या, तिथे चोवीस तास माणूस असतं, बाग आहे, आणि मी हो हो करत होते. त्यांच्या बोलण्यात मला खोट काढता येत नव्हती. बेल गप्प होती.

तपासणीच्या खिडकीत एक करडा ठिपका उमटला. मी नजर वळवली. पुन्हा पाहिलं तर त्याच जागेवर दुसरा, तिसरा, मग एकावर एक इतके की तिथे नुसता करडा डाग दिसायला लागला. कुणीतरी ये वर दणादण अंगठा आपटत होतं.

मी कप ठेवला की टाकला ते आठवत नाही. आत धावले. आई कुशीवरून पालथ्या कलंडल्या होत्या, तोंड उशीत रुतलेलं, डावा हात स्वतःच्याच अंगाखाली अडकलेला, खांदा स्टँडला टेकलेला. आवाज करायला त्यांच्याकडे आवाज नव्हता. मी त्यांना ओढून वळवलं. ओठ निळसर पडले होते. पाठीवर थोपटलं, तोंड पुसलं, आणि त्यांनी एक लांब, खरखरीत श्वास घेतला. तो श्वास मी जन्मभर विसरणार नाही. मागून ताई धावत आल्या.

आईंना पाणी देऊन, उशा लावून, ताई माझ्यापाशी आल्या.

"बेल तर वाजली नाही. तुला कसं कळलं?"

"पडद्यावर दिसलं," मी म्हटलं. हे खरंच होतं.

ताईंनी मला जवळ घेतलं. त्यांनी मला असं कधी जवळ घेतलं नव्हतं. "राहू दे तिला इथेच," त्या म्हणाल्या. "एवढं लक्ष कोण ठेवणार आहे तिथे? तुझे उपकार कसे फेडू गं मी?" संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोरच फोन करून ती जागा सोडली. आई ऐकत होत्या. त्यांनी डोळे मिटले नाहीत.

५

ताई गेल्यावर मी पहिलं काम केलं ते तो नियम काढून टाकण्याचं. मग खाटेपाशी उभी राहिले. काय म्हणायचं आणि कुणाकडे पाहून म्हणायचं ते समजेना. शेवटी भिंतीकडे पाहत म्हटलं, "चुकलं माझं. फार उपकार झाले तुमचे." आई माझ्याकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्याची चालती बाजू हसली.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले, हे मी मनापासून सांगते. बेल वाजली की मी जायची. पांघरूण सरकलेलं असायचं, उशी खाली गेलेली असायची, कधी आईंना थंडी वाजत असायची. मी सारखं करायची आणि निघताना "थँक्यू हं" म्हणायची. घरात आणखी एक माणूस आहे, ते आईंच्या उशाशी बसून असतं, असं मी धरून चालले होते. कोण, ते मी विचारलं नाही. आयत्या मिळालेल्या मदतीला कूळ-मूळ विचारू नये. रात्री मला झोप लागायला लागली. नवरा परत आला तर म्हणाला, "तुझा चेहरा बरा दिसतोय."

मग एक दुपार आली. नवरा कामावर गेला होता. मी आईंना जेवू घातलं, पाणी पाजलं, आणि कामाला बसले. बेल वाजली. लॅपटॉपवर ये नव्हतं. पाणी होतं.

आत्ताच तर प्यायल्या, असं म्हणत मी पेला घेऊन गेले. आई जाग्या होत्या. त्यांच्या तोंडाशी नळी नेली तर त्यांनी तोंड फिरवलं. डावा हात छातीशी दुमडलेला होता. पडद्यावरचं पाणी अजून निळंच होतं, कुणीतरी धरून ठेवल्यासारखं.

मी पेला हातात घेऊन उभी राहिले. निळा रंग गेला. मग दुसरं बटण निळं झालं. कूस.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी त्या माणसाला इतके दिवस बसलेलं धरलं होतं. पण बसलेल्या माणसाला पाणी मागावं लागत नाही, आणि बसलेलं माणूस कूस बदलून मागत नाही. ते माणूस निजलेलं होतं. आईंच्या समोर, त्यांच्याकडे तोंड करून, आईंसारखंच एका बाजूवर, कधीपासून कोण जाणे. त्याला उठता येत असतं तर त्या रविवारी त्यानंच आईंना वळवलं असतं. त्याच्याकडे एक अंगठा तेवढा होता आणि आजवर त्यानं तो स्वतःसाठी एकदाही वापरला नव्हता.

कूस अजून निळंच होतं.

दार उघडं होतं. तीन पावलांत मी बाहेर गेले असते, आणि खरं सांगते, पाय तिकडेच वळत होते. पण आई माझ्याकडे पाहत होत्या. मी जागेवर थांबले ते त्यांच्या नजरेमुळे.

मी पेला खिडकीत ठेवला आणि पडदा स्टँडसकट उचलून खाली ठेवला. तो उचलल्यावर आईंच्या आणि भिंतीच्या मधे अंगभर जागा झाली. रिकामी चादर, दुपारचा उजेड, भिंतीवर पंख्याची सावली. आईंनी डावा हात पुढे केला आणि त्या जागेवर अलगद ठेवला. हात चादरीपर्यंत पोचला नाही. मधेच, वीतभर वर, टेकून राहिला. बोटं हळूहळू थोपटत होती.

"वळवते हं," मी म्हटलं. आईंना वळवताना म्हणते तसंच. मी आईंच्या अंगावरून वाकले, एक हात खांद्याखाली घालतात तिथे घातला, दुसरा कमरेखाली घालतात तिथे, आणि डोळे मिटून घेतले, कारण यापुढचं मला पाहायचं नव्हतं.

वजन लागलं. आईंपेक्षा कितीतरी कमी, हाडांचंच म्हणावं असं, पण लागलं. आणि हाताखाली कातडी गरम होती, एकाच कुशीवर फार दिवस पडून राहिलेल्या माणसाची असते तशी गरम आणि ओलसर. मी घाई केली नाही. ज्यानं माझं माणूस राखलं त्याला दुखू नये एवढंच मनात होतं. सावकाश, भिंतीच्या बाजूला वळवलं, पाठीशी उशी लावली, आणि हात काढून घेतले.

डोळे उघडले तेव्हा उशीत मधोमध खळगा पडलेला होता. आईंचा हात अजून तिथेच होता. कुठूनतरी एक लांब सुस्कारा आला, आईंचा असेल, मी विचारलं नाही. पांघरूण दोन्ही हातांनी झटकून मी भिंतीपर्यंत नीट ओढलं आणि दुसरा पेला आणायला गेले.